अर्थिंग

फुलसिंग आडे टवेरा आणून उभी करतो दुकानापुढं,
इंजिन चालूच, काच खाली,
गालात खर्रा. म्हणतो, "आयक."

गाण्याच्या मागे एक शिट्टी.
बारीक, डासाच्या जातीची.
ॲक्सिलेटर दाबला की चढते,
सोडला की मुकाट उतरते.
"सवाऱ्या म्हणतात, फुलसिंगभाऊ,
डिक्कीत कोणी रडून राह्यलं काय?"

मी म्हणालो, इंजिन बंद कर. चावी राहू दे.
गाणं राहिलं, शिट्टी गेली.
जे इंजिनासोबत मरतं ते इंजिनाचंच,
हे उस्तादांनी शिकवलं होतं यवतमाळला,
बोटांवर पाना मारून.

"फिल्टर लावून टाक ना बावा, दोनशेचा."
फिल्टर म्हणजे रडत्या पोराच्या तोंडावर गोधडी.
मी नाही लावत.

अतीकनं ॲम्प्लिफायरच्या पिना उपटल्या,
लाल, मग पांढरी.
इंजिन चालू, स्पीकर गप्प.
म्हणजे हा निर्दोष. चोर पुढं आहे.

मॅट उचलली. खाली
सरकीसकट कापूस, तुरीच्या शेंगा,
मानोऱ्याच्या बाजाराची पावती,
पैंजणातून निसटलेला एक घुंगरू,
कुणा लेकराचा डावा बूट
("हा बूट! त्याची माय तीन खेपा भांडली माह्यासंग!")
आणि दोन वायरी, करंटची जाड, आवाजाची बारीक,
दिग्रसपासून दारव्ह्यापर्यंत रोज बिलगून जाणाऱ्या.
एकीच्या पोटातलं दुसरीच्या कानात.
जाड डावीकडून नेली, बारीक उजवीकडून.
शिट्टी अर्धी झाली.

अर्धीच.

मग टेप बाहेर ओढला. त्याची काळी वायर
कुणीतरी स्क्रूनं आवळली होती,
पत्र्याला नाही, पत्र्यावरच्या रंगाला.
बॅटरीच्या निगेटिव्हपासून तिथवर मीटरवर शून्य हवं,
आलं पॉइंट चार.
एवढंसंच. पण जमीन न मिळालेला करंट
आवाजाच्या वाटेनं घरी जातो,
आणि जाताना गुणगुणतो.

रंग खरवडला. पांढरा, त्याखाली तांबडा,
त्याखाली चक्क निळा.
"ही निळी होती?" फुलसिंगनं विचारलं,
बायकोचं माहेरचं नाव पहिल्यांदा कळल्यासारखं.
पत्रा उघडा पडला, चमकला.
वॉशर, स्क्रू, वरून बोटभर ग्रीस.

"आता दाब."
दाबला. "आणखी."
"गेली ना बे! एकदम निर्मळ!"
अतीकनं मान हलवली. गेली.
मी म्हणालो, आहे अजून.

पट्टा पाहिला. फ्यूज पाहिले.
अल्टरनेटरला कान लावला, भाजला.
ऊन टायरांच्या ढिगावरून माझ्या पाठीवर आलं.
"कुठं आहे पण?" फुलसिंग म्हणाला.
"बंद कर."
केलं.
"टेप पण."
केला.
"चावी काढ."

समोरची पिठाची गिरणी वीज गेल्यानं उभी,
रस्त्यावर एक कुत्रं, तेही झोपलेलं.
शिट्टी होती तिथंच.
चढत नव्हती, उतरत नव्हती.

"हो," मी म्हणालो. "गेली. तीनशे दे."
त्यानं अडीचशे दिले, पन्नासाचा वायदा,
आणि गाणं मोठ्यानं लावून
धूळ मागे ठेवून गेला.
बूट मात्र डॅशबोर्डवर नीट उभा केला होता.

संध्याकाळी शटर ओढताना
अतीक माझ्या डावीकडून काहीतरी बोलला.
मी कुलूप शोधत होतो.
तो वळसा घालून उजवीकडे आला,
तेच पुन्हा बोलला, सावकाश,
सवय असल्यासारखा.

केव्हापासूनची सवय,
ते मी विचारलं नाही.